रोटरी इंजिन, नगर आणि निकेलचा एक पातळ थर

सिरॅमिक कोटिंगवर संशोधन करायचं म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'सगळ्यात कडक थर कोणता?' रोटरी इंजिनाचा इतिहास वाचा, मग कळेल की हा प्रश्नच अपुरा आहे.

फेलिक्स वांकेलचं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा चाललं. यात पिस्टन वरखाली होत नाही. तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, हाउसिंगच्या आतल्या भिंतीला घासत जातात. जपानमध्ये माझदाच्या इंजिनांत क्रोमचा थर दिलेल्या या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठू लागले. इंजिनिअर त्यांना 'सैतानाची नखं' म्हणायचे. क्रोम मऊ होता का? नाही, सील थरथरत होतं. ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनचं सील केलं आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

त्याच सुमारास माहले कंपनीने निकासिल आणलं: निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. कण झीज अडवतात, निकेल लवचीक राहतं. हे का महत्त्वाचं? रोटरीत ज्वलन कायम एकाच बाजूला होतं, त्यामुळे हाउसिंग एकीकडे तापतं, दुसरीकडे थंड राहतं. शिवाय ॲल्युमिनियम झिर्कोनियाच्या साधारण दुप्पट पसरतं. नुसता कडक थर अशा वेळी तडकतो. घरी विमान बांधणारे लोक हलकं म्हणून रोटरी निवडतात. तिथे थराचा टवका हवेत उडाला तर रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नसते.

आपल्याकडचं उदाहरण लांब नाही. चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर गाठा. तिथल्या व्हीआरडीईने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई यांच्यासोबत 'निशांत' या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं, सुमारे ३० किलोचं वांकेल इंजिन केलं. निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या थरासह इंजिनाचा गाभा एनएएलचा, इग्निशन आणि इंधन यंत्रणा व्हीआरडीईची. २००९ साली कोलारजवळ ते उडालं. आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या सिलिंडरमध्येही निकासिलच आहे, बरं का!

तेव्हा प्रपोजल लिहिताना थराच्या कडकपणाचा आकडा जरूर द्या. पण त्याआधी तीन गोष्टी लिहा: त्याच्यावर काय घासतं, खाली कोणता धातू आहे आणि उष्णता कुठून येते. गाईड पहिल्याच भेटीत हेच विचारतील.