धाराशिव परिसरातील गुरुत्वीय विसंगती आणि प्रस्तरभंग

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या लाव्हा थरांनी झाकलेला आहे. या थरांखालील प्राचीन खडकांची रचना आणि त्यांतील प्रस्तरभंग जमिनीवरून सहसा दिसत नाहीत. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजून त्यांचा अप्रत्यक्ष शोध घेतला जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपानंतर या शोधाला विशेष महत्त्व आले.

== संकल्पना ==
पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. भूगर्भात जड खडक असल्यास ते किंचित वाढते, हलके असल्यास घटते. हे फरक मिलिगॅल या एककात मोजतात. एक मिलिगॅल म्हणजे एकूण गुरुत्वीय त्वरणाचा साधारण दहा लाखावा भाग होय.

मोजलेल्या मूल्यावर उंचीचे संस्कार करावे लागतात. ६०० मीटर उंचीच्या ठिकाणी केवळ उंचीमुळे गुरुत्व सुमारे १८५ मिलिगॅलने कमी भरते, तर ठिकाण व समुद्रसपाटी यांमधील खडकांच्या आकर्षणामुळे ते सुमारे ६७ मिलिगॅलने वाढते. दोन्हींचा हिशेब केल्यावर उरणाऱ्या फरकास बूगे विसंगती म्हणतात.

== ज्वालामुखी चापातील आणि दख्खनमधील स्थिती ==
एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे ज्वालामुखींची कमानीसारखी रांग तयार होते. तिला ज्वालामुखी चाप म्हणतात. डच शास्त्रज्ञ वेनिंग मेनेस यांनी १९२०च्या दशकात पाणबुडीतून मोजणी करून जावा बेटालगतच्या समुद्रात ऋण विसंगतीचा मोठा पट्टा दाखवून दिला. हा पट्टा खोल सागरी गर्तेशी निगडित आहे. भारतात अंदमान समुद्रातील बॅरन बेट अशा चापावर असून, तेथील ज्वालामुखी दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये पुन्हा जागृत झाला. चापांमध्ये प्रस्तरभंग शिलारसाला वर येण्याची वाट करून देऊ शकतात. त्यामुळे तेथे विसंगती, भेगा आणि ज्वालामुखी यांचा संबंध वर्तमानकाळातील असतो.

दख्खन हा ज्वालामुखी चाप नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे मुख्यतः लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरांवर थर साचले. मुंबईजवळच्या किनाऱ्यालगत आढळणाऱ्या धन विसंगतीचा अर्थ खोलवर थिजलेला जड शिलारस असा लावला जातो. तो ज्वालामुखी केव्हाच शांत झाला. आज येथे होणारे भूकंप भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकून युरेशियन भूपट्टावर आदळत असल्याने खडकांत साठणाऱ्या दाबाशी जोडले जातात.

== कुर्डुवाडीचा गुरुत्व-न्यून पट्टा ==
धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेस, सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी परिसरात वायव्य-आग्नेय दिशेचा ऋण विसंगतीचा पट्टा आढळतो. एन. कृष्णब्रह्मम आणि जे. जी. नेगी यांनी १९७३ मध्ये कोयना व कुर्डुवाडी येथील अशा पट्ट्यांच्या आधारे लाव्हाखाली खचदऱ्या दडलेल्या असाव्यात, असे मत मांडले. प्रस्तरभंगांमुळे खचलेल्या भागात हलका गाळ साचला असल्यास तेथे गुरुत्व कमी भरते, हा त्यामागील तर्क होता. किल्लारीचा संबंधही काही अभ्यासकांनी या पट्ट्याच्या आग्नेयेकडील विस्ताराशी जोडला.

कोयना परिसरात नंतर झालेल्या खोल वेधनांत मात्र लाव्हाचे थर थेट ग्रॅनाइटी पायावर बसलेले आढळले. मधला गाळ मिळाला नाही. ऋण विसंगतीची इतर कारणेही संभवतात. उदाहरणार्थ, पायाचे खडकच तुलनेने हलके असू शकतात किंवा भूकवच जाड असू शकते.

== किल्लारी भूकंप आणि वेधन ==
हा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. त्याची तीव्रता ६.२ होती आणि केंद्र उथळ होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. सास्तूरसह तेरणा खोऱ्यातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी कोसळल्याने प्राणहानी वाढली. दाबामुळे खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढणाऱ्या, म्हणजेच व्युत्क्रम प्रकारच्या प्रस्तरभंगावर ही हालचाल झाली.

किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल वेधनात ३३८ मीटर जाडीचा बेसाल्ट, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळ आणि नंतर अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. या पायाची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.८२ ग्रॅम, म्हणजे सामान्य ग्रॅनाइटपेक्षा जास्त निघाली. बेसाल्टची घनता २.९ व पायाची २.७ धरली, तर ३३८ मीटर थराचा वाटा सुमारे २.८ मिलिगॅल येतो, पायाची २.८२ धरल्यास तो १.१ मिलिगॅलवर उतरतो. पायाच्या घनतेविषयीचे गृहीत बदलताच त्याच नकाशाचा अर्थ बदलतो, तो असा.

== मर्यादा ==
लाव्हाखालील पाया प्रस्तरभंगामुळे १०० मीटरने वरखाली झाला असला, तरी वरील दोन घनतांनुसार विसंगतीत एक मिलिगॅलहूनही कमी फरक पडतो. काही मीटरच्या सरकण्याचा ठसा तर जवळजवळ उमटतच नाही. शिवाय विसंगती खडकांच्या घनतेतील फरक दाखवते. तेथे ताण किती साठला आहे किंवा प्रस्तरभंग सक्रिय आहे की नाही, हे ती सांगत नाही. त्यामुळे गुरुत्वमापनाला भूकंपलेखन, विद्युत-चुंबकीय सर्वेक्षण, वेधन आणि जुन्या भूकंपांच्या खुणांची जोड द्यावी लागते. अशा खुणांसाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगराच्या परिसरातही अभ्यास झाला आहे.

१९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवणता नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात झाला.