झग्यावरचे उपरणे : अमेरिकी पदवीदान, ग्रीक अक्षरे आणि केंटे

१८९५ साल. हार्वर्ड विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला पीएच.डी. प्रदान केली. हार्वर्डची ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काही विद्यापीठांचे प्रतिनिधी जमले आणि पदवीदानाच्या दिवशी कोणी काय परिधान करावे, याची संहिता त्यांनी ठरवली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तो जुळला अडुसष्ट वर्षांनी, आणि तोही अमेरिकेबाहेर.

या संहितेमागचा माणूस होता आल्बनीचा गार्डनर कॉट्रेल लिओनार्ड. १८८७ मध्ये विल्यम्स कॉलेजातील आपल्या वर्गासाठी त्याने झगे आखले आणि ते घरच्याच पेढीकडून शिवून घेतले. विद्वत्तेच्या गणवेशामागे असा शिंपीकामाचा धंदाही उभा आहे, हे विसरू नये! बाहीचा आकार पदवीचा दर्जा सांगतो, पाठीवरच्या हूडचा मखमली काठ विद्याशाखा सांगतो आणि आतले अस्तर विद्यापीठ. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९५२ मध्ये मानद एल्‌एल.डी. देणारे कोलंबिया ते हेच.) पुढे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने ही संहिता आपल्याकडे घेतली. तिच्यात एक छोटेसे वाक्य आहे : झग्यावर दुसरे काहीही घालू नये.

नेमक्या याच वाक्याला बंधुसंघ आणि भगिनीसंघ गेली काही दशके धुडकावत आले आहेत.

ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थी मंडळांची परंपरा जुनी आहे. फाय बीटा कॅपाची स्थापना १७७६ ची, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षाची. मात्र एकोणिसाव्या शतकात फोफावलेल्या बंधुसंघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. कॉर्नेल विद्यापीठातील सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९०५ मध्ये पुढच्या वर्षासाठी परतलेच नाहीत. एकटेपणाने माणसे शिक्षण सोडतात, हे मागे राहिलेल्यांना कळून चुकले. ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी तेथे अल्फा फाय अल्फा हा बंधुसंघ स्थापन केला. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा पहिला भगिनीसंघ उभा राहिला. त्याचे रंग गुलाबी आणि हिरवा. १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा आला. त्याचे रंग किरमिजी आणि सायीचा. स्थापनेला दोन महिनेही झाले नव्हते, तोच या मुली वॉशिंग्टनच्या रस्त्यावर स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. अशा नऊ संघांना आज ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात.

पदवीदानाच्या झग्यावर दिसणाऱ्या उपरण्यावर हेच रंग असतात. एका टोकाला संघाची अक्षरे, दुसऱ्या टोकाला बहुधा सभासद झाल्याचे वर्ष. उपरण्याची ही प्रथा मात्र संघांपेक्षा पुष्कळच तरुण आहे, आणि तिचा एक धागा घानाच्या मागापर्यंत जातो.

केंटे हे असांते आणि एवे विणकरांचे वस्त्र. अरुंद मागावर लांब पट्ट्या विणायच्या आणि त्या एकमेकींना जोडून अंगभर वस्त्र करायचे, ही त्याची रीत. त्यामुळे एकच पट्टी सुटी घेतली, तरी ती खांद्यावर सहज शोभते. क्वामे न्क्रुमा हे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे १९३९ चे पदवीधर आणि फाय बीटा सिग्मा या बंधुसंघाचे सभासद. स्वतंत्र घानाचे पंतप्रधान म्हणून १९५८ मध्ये ते वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर केंटे होते. ज्या देशात विद्यार्थी म्हणून कष्ट उपसले, तेथे ते पंतप्रधानाच्या इतमामाने आणि स्वतःच्या वस्त्रात परतले.

आणि डू बॉईस? १९४६ मध्ये आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, ते हेच. तेही अल्फा फाय अल्फाचे सभासद. आयुष्याच्या अखेरीस ते घानात स्थायिक झाले. १९६३ मध्ये पंचाण्णव वर्षांच्या या वृद्धाला घाना विद्यापीठाने मानद पदवी दिली, तेव्हा त्यांच्या विद्यापीठीय झग्यावर केंटे होते. आफ्रिकी वस्त्र आणि पाश्चात्त्य झगा यांचा तो संगम अमेरिकी महाविद्यालयांत सर्रास दिसू लागला १९९० च्या दशकात. मग केंटेच्या नक्षीवरच संघाची अक्षरे भरली जाऊ लागली. आज विकली जाणारी बरीचशी उपरणी मागावरची नसून छापील असतात, ही गोष्ट वेगळी.

हा वाद केवळ कापडाचा नाही. मे २०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या समारंभात काही कृष्णवर्णीय पदवीधरांनी मंचावर आपल्या संघाच्या ठेक्यावर दोन पावले टाकली. ही संघांची ‘स्ट्रोल’ नावाची जुनी रीत. मंचावरच्या झगाधारी कर्मचाऱ्याने त्यांना धरून अक्षरशः ढकलत खाली नेले. सभागृहात त्यांचे आईवडील बसले होते. चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली.

संहितेतील ते छोटेसे वाक्य अजूनही कायम आहे.