विंचवाचे विष आणि हृदयाचा स्नायू

वेळणेश्वरसारख्या कोकणातल्या गावात जांभ्याचा चिरा उचलताना किंवा पेंढ्यात हात घालताना विंचू चावणे नवलाचे नाही. मोठ्या काळ्या विंचवाला लोक भितात, पण जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू. पूर्वी त्याच्या डंखाने धडधाकट मूल दुसऱ्या दिवशी दगावे. छातीत घरघर लागे, तोंडाला गुलाबी फेस येई. डंख बोटाला आणि पाणी फुप्फुसात, हे कसे?

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाजवळ रात्ररात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्यातल्या रुग्णाला आधी उलट्या होत, दरदरून घाम फुटे आणि हातपाय गार पडत. ही पूर्वसूचक लक्षणे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली.

या लक्षणांमागचे कारण पाहू. विषातील मुख्य घटक पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या आहेत. इन्शुलिन हे संप्रेरकही पेप्टाइडच. पण ते शरीराचे स्वतःचे, मोजूनमापून स्रवणारे. विषातले पेप्टाइड चेतातंतूंवरील सोडियमची दारे लवकर मिटू देत नाही. चेता सतत उद्दीपित राहतात आणि ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन यांचा रक्तात पूर येतो. हृदयस्नायूच्या पेशींत कॅल्शियम वाढते व आकुंचन जोरकस होते. त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळतात; म्हणूनच हातपाय गार पडतात. अरुंद वाटेतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी झिरपते.

म्हणजे औषध हवे ते आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे. उच्च रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिनची गोळी नेमके हेच करते. हृदयावरचा भार उतरला की त्याचे आकुंचन पुन्हा सुधारते. १९८६ साली बावस्करांनी या उपचाराचे अनुभव 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केले. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वर्गात हा इतिहास सांगताना एक गोष्ट मुलांच्या मनावर जरूर ठसवावी. विषबाधा किती झाली, हे वेदनेवरून ठरत नाही. घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले, तर विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ न दवडता रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे. पुष्कळदा घरात हे सांगणारे पहिले माणूस शाळेत जाणारे मूलच असते.