कबड्डीतील संरक्षणव्यूहाची निवड : रत्नागिरी-मुंबई परंपरेपासून व्यावसायिक स्पर्धेपर्यंत

प्रस्तावना

सांघिक खेळांचा इतिहास बहुधा आक्रमकांच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कबड्डीही त्याला अपवाद नाही. चढाईपटूचे नाव गावोगाव पोहोचते. त्याला पकडणारे हात मात्र विस्मरणात जातात. वस्तुतः सामन्याचा निकाल अनेकदा बचावाच्या रचनेवर अवलंबून असतो. ही रचना कशी निवडली जाते आणि तिच्या निवडीमागे कोणती ऐतिहासिक कारणे असतात, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्हा व त्याच्याशी श्रमाच्या नात्याने जोडलेली मुंबई हा संदर्भ घेतला आहे.

येथे एक तुलना उपयुक्त ठरते. अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक संघापुढे आघाडीच्या बचावफळीत चार गडी ठेवावेत की तीन, हा प्रश्न नेहमी असतो. परंतु तेथे आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा खेळाडू वेगळे असतात. कबड्डीत तेच सात गडी चढाईही करतात आणि बचावही. त्यामुळे चढाईसाठी निवडलेला गडी बचावात कोठे उभा राहील, हा प्रश्न कबड्डीच्या प्रशिक्षकास टाळता येत नाही.

नियमांची घडण आणि व्यूहाचा जन्म

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात रूढ असलेल्या या खेळास नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. त्यात पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंद विजय जिमखाना यांचा वाटा मोठा आहे. बडोद्यात १९२३ साली नियमबद्ध स्पर्धा भरल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला.

या काळात खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. 'अमर' प्रकारात स्पर्श झालेला गडी बाहेर जात नसे. केवळ गुण मोजला जाई. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होई. संरक्षणाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. अमर प्रकारात बचावकांची संख्या स्थिर राहते, म्हणून एकच रचना पुरते. गामिनीत संख्या केवळ घटत जाते. संजीवनीत मात्र ती प्रत्येक चढाईनंतर वर किंवा खाली जाऊ शकते. आजची कबड्डी संजीवनीची वारसदार आहे. म्हणूनच तिच्यात एकच व्यूह निवडून भागत नाही; सात गड्यांचा, पाच गड्यांचा आणि तीन गड्यांचा असे निरनिराळे व्यूह सिद्ध ठेवावे लागतात.

साखळी की एकेरी पकड?

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या वगळल्यास, स्पर्श वा झटापट होईपर्यंत चढाईपटूस ८ मीटर रुंदी उपलब्ध असते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापलीकडे १ मीटरवर बोनस रेषा असते. सात गडी असताना दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक आणि त्यांच्या आधाराने उरलेले गडी अशी अर्धवर्तुळाकार रचना होते. शेजारचे गडी परस्परांचे हात धरून साखळी करतात. साखळीचा लाभ असा की चढाईपटूची वाट एकदम अडते. तिची उणीव अशी की दोघांची पावले एकाच क्षणी पडली नाहीत तर फट उघडी होते आणि एका चढाईत दोन-तीन गडी गमवावे लागतात.

गडी तीनच उरले की ८ मीटर रुंदी साखळीने झाकता येत नाही. तेथे घोटा धरणारा, मांडीला मिठी घालणारा किंवा अंगावर जाऊन परतीची वाट रोखणारा एकेकटा गडीच उपयोगी पडतो. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या 'अव्वल पकडी'स प्रो कबड्डी लीगमध्ये एक जादा गुण मिळतो. तसेच सहा किंवा अधिक बचावक असतानाच बोनस गुण देय असतो. सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भाग पडते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. त्यामुळे पहिल्या दोन चढायांत संयम राखून तिसऱ्या चढाईत पकड करणे, हाही एक स्वतंत्र व्यूह ठरला आहे.

गिरणगावाची शिकवण

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीचा रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरविणारा प्रमुख जिल्हा होता. लालबाग, परळ, प्रभादेवी या वस्त्यांत एका गावचे चाकरमानी एकत्र राहत, एकाच मंडळात वावरत आणि शिमग्याला व गणपतीला एकत्र गावी परतत. गिरणगावात कबड्डी रुजली ती या सहवासाच्या भूमीत. साखळीस लागणारा परस्परविश्वास अशा संघात निराळा शिकवावा लागत नसे, असे अनुमान करण्यास जागा आहे. पुढे एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अँड महिंद्रा अशा आस्थापनांच्या संघांनी खेळाडूंना नोकरीची शाश्वती दिली आणि संघ वर्षानुवर्षे एकत्र राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मात्र त्या वस्त्यांचा आर्थिक पायाच ढासळला.

लिलावातील बचाव

२६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने व्यूहाच्या निवडीस नवे परिमाण दिले. आता संघ वस्तीतून घडत नव्हता, लिलावातून जमत होता. तरीही जोडीचे मूल्य लगेच ध्यानात आले. सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर ही कोपऱ्यांची जोडी यू मुंबाकडून गाजली. २०१७ मध्ये हरियाणा स्टीलर्सने ती दोघे पुन्हा एकत्र घेतली. २०१८ च्या लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याच्यासाठी यू मुंबाने १ कोटी रुपये मोजले. त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारतास २७-१८ असे हरविले. १९९० ते २०१४ या काळात सलग सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारतास अवघ्या १८ गुणांवर रोखणारा तो बचाव होता.

२०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूई या कोपरारक्षकास २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले व तो हंगाम जिंकला. पुढील वर्षी हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि तोही संघ विजेता ठरला. यावरून एक खर्चिक खेळाडू म्हणजेच उत्तम बचाव, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पुण्याचे संकेत सावंत व अबिनेश नादराजन आणि हरियाणाचे जयदीप दहिया, राहुल सेठपाल व मोहित नांदल हे बचावक आपापल्या संघात आधीपासून एकत्र खेळत होते. पैशाने एक कोपरा मिळाला. उरलेली फळी काळाने घडविली होती.

२९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव केला. पराभूत पाटण्याचा कर्णधार रत्नागिरी जिल्ह्यातील शुभम शिंदे हा उजवा कोपरारक्षक होता. गिरण्यांच्या वाटेने मुंबईस जाणारा जिल्हा आता लिलावाच्या वाटेने देशभर जातो, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष

१. कबड्डीतील संरक्षणव्यूह हा प्रशिक्षकाच्या केवळ आवडीचा विषय नसून संजीवनी नियम, बचावकांची बदलती संख्या आणि क्रीडांगणाची रुंदी यांच्या गणिताचा परिणाम आहे.

२. संख्या अधिक असता साखळी आणि कमी असता एकेरी पकड हे तत्त्व सर्वमान्य असले, तरी साखळीचे यश सहवासाच्या कालावधीवर अवलंबून असते.

३. वस्ती व आस्थापना यांनी पूर्वी पुरविलेला हा सहवास व्यावसायिक व्यवस्थेत दुर्मीळ झाला आहे. जे संघ तो जपतात त्यांचा बचाव टिकतो.

या निष्कर्षांचा महाविद्यालयांशी निकटचा संबंध आहे. पदवीच्या तीन वर्षांत एकाच मैदानावर रोज एकत्र येणारा युवकांचा गट ही आज कोकणात सहज उपलब्ध असलेली सहवासाची जागा आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात संघ निवडण्याची प्रथा सोडून प्रथम वर्षापासूनच बचावाच्या जोड्या बांधल्या, तर गिरणगावाने आपसूक दिलेली शिकवण महाविद्यालयांना जाणीवपूर्वक देता येईल. चांगला चढाईपटू एखाद्या गावात अवचित सापडू शकतो. चांगली साखळी मात्र घडवावीच लागते.