एका खोलीचें घर

गृहशोभेचा इतिहास म्हटला कीं राजवाड्यांचे दिवाणखाने, सरदारांच्या वाड्यांतील कोरीव महिरपी आणि धनिकांच्या बंगल्यांतील झुंबरें हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. शोभा ही सर्व गरजा भागल्यानंतरची गोष्ट आहे अशी आपली समजूत असते, आणि म्हणून ज्यांना पुष्कळ जागा होती त्यांच्याच घरांकडे इतिहासकाराचें लक्ष जातें. मुंबईचा विचार केला तर ही समजूत टिकत नाहीं. या शहरांतील बहुसंख्य माणसें कित्येक पिढ्या एका खोलींत राहिलीं. १९११ च्या शिरगणतींत शंभरांपैकीं सुमारें ६९ माणसें एकखणी बिऱ्हाडांत राहत असल्याचें आढळलें होतें. इतक्या लोकांनीं आपल्या चार भिंतींना रंग कोणता दिला, सामान कोठें ठेविलें, उजेड कसा आणला आणि निजण्याची व शिजविण्याची जागा वेगळी कशी केली, हा विषय निव्वळ हौसेचा नाहीं. खोलीचें घर कशानें होतें, हा त्यांतला खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधावयाचें तर आरंभ चुन्यापासून करावा लागतो.

गिरण्यांत व गोद्यांत कामास आलेला माणूस कोंकणांतून किंवा देशावरून घराची एक ठरलेली कल्पना बरोबर घेऊन आला होता. गांवाकडची भिंत मातीची असो कीं दगडाची, ती जाड असे. आणि जाड भिंतीच्या पोटांत देवळी, कोनाडा, फडताळ हीं सहज निघत. दिवा देवळींत, तेलाची बुधली कोनाड्यांत, लोणच्याची बरणी फडताळांत आणि पागोटें खुंटीला, अशी सामानाची बहुतेक सोय भिंतच करी व जमीन मोकळी राही. रंगांचीही वांटणी ठरलेली होती. भिंतीला चुना किंवा पांढरी माती, जोत्याला व चुलीभोंवतीं गेरू, जमिनीला शेणाचें सारवण आणि उंबऱ्यापुढें रांगोळी. यांतील प्रत्येकाला कांहीं काम नेमून दिलेलें होतें. पांढरी भिंत अंधाऱ्या माजघरांत उजेड परतवी. गेरूचा तांबडा पट्टा चिखलाचे शिंतोडे पोटांत घाली. सारवण धूळ दाबून धरी. डोळ्यांना बरें वाटणें आणि संसाराला सोयीचें असणें यांत तेव्हां फारसें अंतर नव्हतें. चाळींत आल्यावर ही रीत कायम राहिली, पण तिला आधार देणारी जाड भिंत मात्र गांवींच राहिली.

अशा स्थितींत १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीचा ताप उद्भवला. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनीं तो प्लेग असल्याचें ओळखलें, आणि थोड्याच काळांत सरकारचा हात गरिबाच्या खोलीच्या आंतल्या भिंतीपर्यंत पोंचला. घरें औषधी पाण्यानें धुवून काढणें, ऊन आंत यावें म्हणून कौलें उतरविणें आणि भिंतींना चुन्याचा हात देणें, हे उपाय सक्तीनें अंमलांत आले. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हें ज्ञान त्या वेळीं सर्वमान्य झालें नव्हतें. रोग घाणींत व कोंदट हवेंत वास करतो या समजुतीवर हे उपाय उभे होते. चुन्यानें पिसवा थांबल्या नाहींत. तथापि चुन्याचे गुण खोटे नव्हते. चुनकळीवर पाणी घालून केलेला ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असतो, त्यावर बुरशी सहसा धरत नाहीं, आणि वाळतांना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हां दगडासारखा घट्ट होतो. पावसाळा संपल्यावर दरवर्षीं भिंत पांढरी करण्याची जुनी रीत मुंबईच्या ओलसर हवेंत शास्त्रशुद्धच होती. दसरा-दिवाळीच्या आधीं उत्साहानें होणारें हें काम साथीच्या दिवसांत हुकुमानें झालें. चुना तोच, पण एकानें घर उजळलें, तर दुसऱ्यानें घरांतील माणसें घाबरून गेलीं.

प्लेगाच्या पाठोपाठ १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणें आणि नव्या वस्त्या आंखणें हें तिचें काम. तिचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिलें आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशीं ६३॥ अंशांहून मोठा कोन करतां कामा नये. म्हणजेच समोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मोकळी असावी, असा त्याचा अर्थ. नियम उत्तम होता. परंतु ज्या हजारों खोल्या आधींच बांधून झाल्या होत्या, त्यांच्या समोरची भिंत मागें सरकविण्याचें सामर्थ्य भाडेकऱ्यापाशीं नव्हतें. त्याच्या हातीं होता तो खोलीच्या आंतला रंग. म्हणून छत व भिंतीचा वरचा भाग शक्य तितका पांढरा ठेवावयाचा आणि चुन्यांत निळीची चिमूट टाकावयाची. चुन्याची पिवळसर झांक निळीनें मारली जाते व भिंत अधिक पांढरी भासते. ही बाजारची नीळ बहुधा शेतांत पिकणारी नसे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें तयार होऊं लागलेल्या कृत्रिम निळ्या रंगाची ती पूड असे. ती स्वस्त होती आणि चुन्याच्या क्षारानें विटत नसे. चिमटीची मूठ झाली कीं पांढऱ्याचा आकाशी होई. उकाड्याच्या, दाटीच्या खोलींत तो रंग डोळ्यांना थंडावा देई, आणि खर्च जवळजवळ तेवढाच येई.

यापुढचा अध्याय सरकारनें स्वतः बांधलेल्या घरांचा. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. कामकरी वर्गासाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी झाल्या. तळमजला व वर तीन मजले, एका इमारतींत ८० खोल्या आणि एक खोली सुमारें १६० चौरस फूट, हा त्यांचा सांचा. बांधकाम सिमेंट काँक्रीटचें. अशा भिंतींत कोनाडा निघत नाहीं, फडताळ बसत नाहीं आणि साधा खिळा ठोकावयाचा म्हटलें तरी तोच वांकतो. प्रथम कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. आणि १९३० नंतर कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळींचा सरकारनें तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. या घटनेचा थोडा विचार करावा. तीच इमारत, तीच खोली, तेवढेंच चौरस फूट. कैदी ठेवले तर ती कोठडी झाली, आणि पुढें कुटुंब आलें तेव्हां ती घर झाली. बांधणाऱ्यानें दोहोंत कांहींच फरक केलेला नव्हता. जो फरक पडला तो सगळा राहणाराच्या हातचा होता.

हा फरक कसा घडला हें पाहिलें तर चाळींतील गृहरचनेचीं तीन तत्त्वें दिसून येतात. पहिलें असें कीं, भिंती घालून खोली विभागतां येत नाहीं, म्हणून ती वेळेनें विभागावयाची. पहाटे ती स्वयंपाकघर असे. दुपारीं निवडण्याटिपण्याची व शिवणाची जागा. दिवेलागणीस देवघर व मुलांची शाळा. आणि रात्रीं वळकट्या सुटल्या कीं शयनगृह. दुसरें, जमीन अपुरी पडली तर उंचीकडे वळावयाचें. छताखालीं चारी बाजूंनीं फळी, दाराच्या वर माळा, आढ्याला टांगलेली कपड्यांची दांडी, आणि विटांवर चढवून उंच केलेला एकुलता एक पलंग, ज्याच्या पोटांत पत्र्याच्या ट्रंका मावत. पुढें आरसा बसविलेलें पोलादी कपाट आलें. तें तिजोरीचें, आरशाचें आणि प्रसंगीं आडोशाचें अशीं तीन कामें करी. तिसरें तत्त्व, साठवणीची वस्तूच शोभेची करावयाची. फळीवर उतरत्या मापानें लावलेलीं घासूनपुसून लखलखीत केलेलीं पितळेचीं भांडीं हा कंजुष उजेडाच्या खोलींतील सर्वांत स्वस्त आरसा होता. भिंतीच्या खालच्या चार फुटांस गडद तेलरंगाचा पट्टा आला, तो गांवच्या गेरूचाच वारस. टेंकून बसणारांच्या डोक्यांचे तेलकट डाग तो गिळून टाकी. मोरीपुढें जुन्या लुगड्याचा पडदा लागे, आणि त्याचा कांठ कोणत्या बाजूस यावा याचाही विचार झालेला असे.

उरलेल्या भिंतीवर चित्रें आलीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें १८७८ सालीं पुण्यास निघालेली चित्रशाळा आणि राजा रविवर्म्याचा १८९४ सालीं मुंबईंत सुरू होऊन पुढें मळवलीस गेलेला छापखाना, या दोहोंनीं रंगीत चित्र सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणलें. लक्ष्मी, सरस्वती, शिवाजी महाराज यांच्या तसबिरी प्रथम देवासाठीं व अभिमानासाठीं लागल्या हें खरें. पण ज्या खोलीला एकच खिडकी होती, तिला त्या चौकटींनीं कमळांचें तळें व दूरचे डोंगर दाखविणाऱ्या आणखी दोन खिडक्या दिल्या, हेंही तितकेंच खरें.

लहान जागेचा असाच प्रश्न त्या वेळीं युरोपांतही उभा होता, आणि तेथें तो तज्ज्ञांनीं हातीं घेतला. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत महायुद्धानंतरच्या स्वस्त घरांसाठीं १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनीं एक स्वयंपाकघर आंखलें. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर, म्हणजे सुमारें ७० चौरस फूट. गृहिणीला किती पावलें चालावीं लागतात याचा हिशेब करून ओटा, कपाटें, डबे यांच्या जागा ठरविल्या होत्या. आणि माशा निळ्या रंगावर बसत नाहींत अशा समजुतीनें कपाटांना निळसर रंग दिला होता. आज तें स्वयंपाकघर संग्रहालयांत मांडलें जातें व त्यावर ग्रंथ लिहिले जातात. वरळीच्या खोलीच्या जवळजवळ निम्मी जागा तेथें एकट्या स्वयंपाकाला मिळाली होती. वरळीच्या गृहिणीनें पावलांचें तेंच गणित बसल्या जागीं, पाटावरून न उठतां, हाताच्या अंतरानें सोडविलें. तें मात्र कोणीं कागदावर उतरविलें नाहीं. १९३७ च्या नोव्हेंबरांत भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेनें मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें आदर्श गृहाचें प्रदर्शन भरविलें. पण नव्या धर्तीच्या त्या सजावटीला बऱ्याच खोल्या लागत, आणि शहर तर एका खोलींत राहत होतें.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. भाडेकऱ्याला निवारा राहिला, पण खासगी चाळींचे मालक दुरुस्तीस हात लावीनात. त्याचा दृश्य परिणाम असा कीं बाहेरून काळवंडलेली, जिन्याचीं फळकुटें निखळलेली चाळ आंतून खोलीगणिक स्वच्छ व रंगविलेली असे. भिंतीची मालकी एकाची आणि रंगाची मालकी दुसऱ्याची, असा तो विचित्र व्यवहार होता.

या सर्वांचें कौतुक करतांना त्याची किंमत विसरतां येणार नाहीं. ही नेटकी खोली टिकविण्याचें ओझें बहुतेक बायकांच्या हातांवर पडे. रोज गाद्या गुंडाळणें व उलगडणें, धुरकट भांडीं पुन्हां लखलखीत करणें, पाहुणा आला कीं क्षणांत स्वयंपाकघराची बैठक करणें, हें काम कधीं संपत नसे. नव्या जोडप्याला एकांत नव्हता, आजाऱ्याला शांतता नव्हती, बाळंतिणीला आडोसा नव्हता. आणि पुरुषांना रात्रीं गॅलरींत किंवा पदपथावर पथारी टाकावी लागे. एका खोलींत घर उभें करणें ही कला होती; पण ज्या समाजानें माणसांना ती कला शिकण्यास भाग पाडलें त्याला ती भूषणावह नव्हती.

आतां त्या सरकारी चाळी पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचें घर, अशी ही योजना असून वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १९२५ च्या आसपास उठलेल्या त्या भिंती सोडून २०२५ च्या ऑगस्टांत नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांना स्वतःची मोरी व स्वतःचें शौचकूप शंभर वर्षांनीं मिळालें, त्यांच्या आनंदांत मीठ कालविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पण दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. एक ही कीं चाळींतील खोली कधींच एकटी नव्हती. गॅलरी, जिना व पटांगण हे तिचेच विस्तार होते. १८९३ सालीं गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हां आरास झाली ती सर्वांच्या मिळून असलेल्या जागेची. नव्या उंच इमारतींत खोल्या वाढल्या. ती सामाईक जागा किती उरेल, हें आंखणारांनीं आतांच पाहिलें पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या हातांतली आहे. जुन्या खोल्या मोडण्यापूर्वीं त्यांचीं मापें घ्यावीं. फळी किती उंचीवर होती, पडदा कोठें लागे, पट्टा कोणत्या रंगाचा होता, निजण्याचा क्रम कसा असे, हें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून विचारून लिहून ठेवावें. खोलीचे चौरस फूट सरकारी दप्तरांत सांपडतील. त्या चौरस फुटांचें घर कसें झालें, हें सांगणारा कागद तेथें नाहीं. तो आपल्याच घरांतून लिहिला जावयास हवा.