बारा अंगुळांचा शंकू

जुन्या मराठी पंचांगांत शक, संवत्सर आणि अयनांश यांच्या जोडीला ‘पलभा’ या नावाचा एक लहानसा आकडा दिलेला आढळतो: पुण्याची पलभा चार अंगुळे, उज्जयिनीची पाच अंगुळे आठ व्यंगुळे, अशा रीतीने. ज्योतिषी मंडळी सोडली तर त्याच्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. विषुवदिनी, म्हणजे ज्या दिवशी दिनमान आणि रात्रिमान समान असते त्या दिवशी, बारा अंगुळे उंचीच्या उभ्या शंकूची भर मध्यान्ही पडणारी सावली एवढाच त्या आकड्याचा अर्थ. परंतु त्या वीतभर काठीच्या सावलीत गावाचे अक्षांश सामावलेले असतात. नकाशे आणि मोजणीखाते जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके, आपले गाव पृथ्वीच्या गोलावर कोठे आहे हे सूर्यालाच विचारून ठरवण्याची वहिवाट या देशात होती, आणि त्या विचारण्याचे साधन म्हणजे हा शंकू.

शंकूचे मूळ घराणे यज्ञभूमीतले. वेदी नेमकी पूर्वाभिमुख असली पाहिजे हा याज्ञिकांचा आग्रह, आणि सूर्य तर वर्षातले दोन दिवस सोडले तर ठीक पूर्वेला उगवतच नाही. तेव्हा उगवतीवर विसंबून चालत नसे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यावरचा उपाय दिला आहे. जमीन सपाट करावी, मधोमध शंकू रोवावा, शंकूच्याच उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ आखावे, आणि सकाळी आखडत येणाऱ्या सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल तेथे एक खूण व दुपारनंतर लांबत जाणाऱ्या सावलीचे टोक जेथे शिवेल तेथे दुसरी खूण करून दोन्ही खुणा जोडाव्यात, की पूर्वपश्चिम रेषा सिद्ध झाली. प्रत्यक्ष करून पाहिल्यास ध्यानात येते की सावलीचे टोक धारदार नसते. सूर्यबिंबाला रुंदी असल्यामुळे ते विरत गेलेले दिसते, आणि खूण नेमकी कोठे करावी याला नजर मुरावी लागते. शिवाय दोन खुणांमधल्या अवधीत सूर्य किंचित उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे रेषा अतिसूक्ष्म तिरपी होते. पुढच्या सिद्धान्तकारांनी तीही चूक ओळखून तिचा संस्कार सांगितला.

यज्ञमंडपातून शंकू राजाच्या कचेरीत केव्हा शिरला याची तारीख सांगता येण्यासारखी नाही, पण कौटिलीय अर्थशास्त्रात तो मानाध्यक्षाच्या, म्हणजे देश आणि काल यांची मापे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेलेला दिसतो. आषाढात मध्यान्हीची सावली नाहीशी होते, श्रावणापासून सहा महिने ती दरमहा दोन अंगुळे वाढते आणि माघापासून सहा महिने तितकीच घटते, असा तेथील नियम आहे. हा नियम कर्कवृत्ताच्या आसपासच्या प्रदेशाचा हे उघड आहे, कारण उन्हाळ्याच्या परमावधीला सूर्य ठीक माथ्यावर येऊन पुन्हा मागे फिरतो तो त्याच रेषेवर. उज्जयिनीस हिवाळ्यातील सर्वांत लांब मध्यान्हछाया पावणेतेरा अंगुळांच्या घरात भरते; नियम बारा म्हणतो. विषुवदिनी नियमाप्रमाणे सहा अंगुळे यावीत, प्रत्यक्षात पाचांहून थोडी अधिक येतात. सावली महिन्यागणिक समान पावलांनी चालत नाही हे ज्याने नियम बांधला त्याला कळत नव्हते असे मी मानत नाही. कारकुनाला तोंडपाठ राहील असा ठोकळ हिशेब त्याला हवा होता, आणि राज्यकारभाराला तो पुरेसा होता.

शंकू ही एकट्या भारताची मिरास नव्हे. बाबिलोनच्या मृत्तिकापट्टांवर छायेची कोष्टके आहेत, आणि ग्रीकांनी हे यंत्र बाबिलोनी लोकांकडून घेतले असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. सायनी येथे उत्तरायणाच्या अखेरच्या मध्यान्ही सावली पडत नाही, त्याच वेळी अलेक्झांड्रियास सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाने ढळलेला असतो, एवढ्या आधारावर एराटोस्थेनीसने पृथ्वीचा घेर काढला. चीनमध्ये शंकूची परंपरागत उंची आठ छी. तेराव्या शतकात को शौचिंगने ती पाचपट करून हनान प्रांतात बांधलेला मनोरा आजही उभा आहे.

आपल्या सिद्धान्तकारांनी मात्र या काठीभोवती एक संपूर्ण प्रकरण उभे केले. दिशा, देश आणि काल या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा म्हणून सूर्यसिद्धान्तात त्याचे नाव त्रिप्रश्नाधिकार. त्यातले मर्म थोडक्यात असे. सूर्य विषुववृत्तापासून जितका उत्तरेस वा दक्षिणेस सरकलेला असतो ती त्याची क्रांती. ती ऋतूप्रमाणे बदलते आणि दोन्ही बाजूंना सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंत जाते. गावाचे अक्षांश मात्र अढळ असतात. मध्यान्ही सूर्य माथ्यापासून किती ढळला हे या दोहोंच्या अंतरावर ठरते, आणि विषुवदिनी क्रांती शून्य झाल्यामुळे त्या एका दिवशी सावली केवळ गावाविषयी बोलते. म्हणून पलभा त्याच दिवशी मोजावयाची. कन्याकुमारीस ती पावणेदोन अंगुळांहून कमी, दिल्लीस साडेसहा, श्रीनगरास आठांहून किंचित अधिक.

पुण्याचेच वर्ष पाहू. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही क्षितिजावर ४८ अंश चढतो आणि सावली उत्तरेकडे जवळजवळ पावणेअकरा अंगुळे पडते. मार्चमध्ये ती चारांवर येते. मेच्या मध्यास नाहीशी होते. आणि मग, आपल्यापैकी बहुतेकांच्या कधी लक्षातही न आलेली गोष्ट घडते, ती ही की सूर्य माथा ओलांडून उत्तरेस जातो व २१ जूनला मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे एक अंगूळ पडते. जुलैच्या अखेरीस ती पुन्हा लोपते, पण तोवर आभाळ भरलेले असते. कर्कवृत्तापलीकडच्या दिल्लीकराला हे दृश्य जन्मात दिसत नाही.

महाराष्ट्राचा या कुळकथेतला मोठा वाटा कोकणातल्या नांदगावचा. जंजिऱ्याजवळच्या या गावी गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले, ज्याच्यावरून पुढे शतकानुशतके मराठी पंचांगे होत राहिली. ज्या, चाप यांची किचकट कोष्टके टाळून सामान्य जोशालाही पंचांग करता यावे ही त्याची प्रतिज्ञा, आणि तिच्यासाठी त्याने पलभेला कामाला लावले. पलभेला दहाने, आठाने आणि पुन्हा दहाने गुणावे, शेवटच्या गुणाकाराला तिहींनी भागावे. या तिन्हींची बेरीज म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य किती पळे आधी उगवतो ती. पुण्यासाठी चाळीस, बत्तीस आणि सव्वातेरा मिळून पंच्याऐंशी पळे, म्हणजे चौतीस मिनिटे. उगवतीची आणि मावळतीची धरून दिवस एक तास आठ मिनिटांनी मोठा. आधुनिक त्रिकोणमितीने हेच गणित केले तर अंतर एकदीड मिनिटाचे पडते. मला या हिशेबापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. याच गणेश दैवज्ञाच्या नावावर ‘प्रतोदयंत्र’ नावाचे प्रकरण आहे: चाबकाच्या दांड्यावर रेघा आखून वरच्या टोकाला आडवी खुंटी बसवायची, म्हणजे घोड्यावरून जातानाही खुंटीच्या सावलीवरून घटिका कळतात.

उज्जयिनीच्या वेधशाळेत शंकुयंत्र आजही पाहावयास मिळते. सवाई जयसिंहाने उभारलेल्या त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार शिंदे सरकारने १९२३ च्या सुमारास केला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्विद तिचा अधीक्षक होता.

वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या मार्चच्या २१ तारखेस आपल्या गच्चीवर वीतभर सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. तिच्या उंचीचे बारा भाग म्हणजेच बारा अंगुळे. पंचांगातली मेष संक्रांत यासाठी उपयोगी नाही. अयनांशांमुळे ती आता एप्रिलच्या मध्यावर गेली आहे आणि त्या दिवशी पुण्यात दोन अंगुळेही सावली मिळणार नाही. घड्याळातल्या बारांवरही जाऊ नये. पुण्यास त्या दिवशी खरे मध्यान्ह बारा बेचाळीसला होते. तेव्हा आधीपासून खुणा करीत बसावे, सर्वांत आखूड सावली मोजावी, आणि पंचांगातल्या आकड्याशी ताडून आपल्या गावची पलभा मुलांच्या हाताने वहीत लिहवून घ्यावी.