डिझेल व ऑइल सांडलेली जमीन: नुकसान आणि सुधारणा

बुलढाणा जिल्ह्यात तेलविहिरी नाहीत. तरीही खनिज तेल शेतात पोहोचते: इंजिन पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि मलकापूर-नांदुरा-खामगावमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील टँकरचे अपघात यांतून.

नुकसान कसे होते?
तेल मातीच्या कणांभोवती थर धरते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. तेल कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र वापरून टाकतात, त्यामुळे उगवलेले पीकही पिवळे पडते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा असतात. त्यांतून डिझेल थेट खालच्या थरात उतरते. विहीर जवळ असल्यास धोका वाढतो.

सांडल्यावर लगेच काय करावे?
- गळती थांबवावी. जवळ विडी, काडी पेटवू नये.
- भोवती मातीचा बांध घालून कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा सोयाबीनचे कुटार पसरावे. तेल शोषल्यावर ते गोळा करावे. जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये.
- पाणी मारून तेल धुऊन काढू नये. ते आणखी खोल जाते.
- विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसल्यास पंप बंद ठेवावा. ते पाणी पिण्यास किंवा जनावरांना देऊ नये.

जमीन कशी सुधारावी?
डिझेल जिवाणूंमुळे कुजते; त्यांना हवा, ओल, नत्र व स्फुरद लागते. जमिनीत उरलेल्या प्रत्येक लिटर डिझेलमागे सुमारे ७५ ग्रॅम युरिया व १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, २-३ हप्त्यांत विभागून, मातीत मिसळावे. म्हणजे १० लिटरसाठी ७५० ग्रॅम युरिया व १ किलो सुपर फॉस्फेट. सोबत चांगले कुजलेले शेणखत द्यावे. वाफसा टिकवून दर १०-१५ दिवसांनी माती खालीवर करावी. याला काही महिने लागतात.

याच तत्त्वावर टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' हे जिवाणू मिश्रण तयार केले असून ते तेलक्षेत्रातील दूषित मातीसाठी वापरले जाते.

पेरणीपूर्वी चाचणी
नेहमीच्या माती परीक्षणात तेल मोजले जात नाही. एका कुंडीत दूषित, दुसऱ्या कुंडीत चांगली माती घेऊन प्रत्येकी २० मुगाच्या बिया लावाव्यात. दूषित मातीत उगवण स्पष्टपणे कमी असेल, तर त्या जागी पेरणी करू नये.

जळके ऑइल वेगळे
वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू असतात. ते कुजत नाहीत. अशी माती खरवडून वेगळी ठेवावी. वाळवीसाठी किंवा तण मारण्यासाठी हे ऑइल धुऱ्यावर ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यावे.

कोळशाची राख
शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. अनेकदा ही राख विम्लधर्मी असते आणि तिच्यात बोरॉन व जड धातूही असतात. आपल्या काळ्या जमिनी आधीच विम्लधर्मी आहेत. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर अडचण अधिकच. त्यामुळे माती व राख दोन्हींचे परीक्षण आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय, फुकट मिळते म्हणून राख शेतात टाकू नये.